तपकिरी कागदाखालचं लेबल

रविवार आला की भिसेगावच्या कमालभाईंच्या पोटात दुखायचं, आणि तरी ते बायकोला, हलिमाला घेऊन मोहोपाड्याला कपिलकडे जायचेच. आता याला काय म्हणावं? दोघांना वेड एकच, जुन्या डिस्कोच्या बारा इंची सिंगलचं. ताटाएवढी रेकॉर्ड, एका बाजूला एकच लांबलचक गाणं, आणि ठेका असा की भिंतीवरचं घड्याळ हलावं. कमालभाईंकडे कपाट भरून माल, सगळा कोरा करकरीत, प्लास्टिकच्या पिशव्यांत. वाजवायचा मात्र नाही, सुईनं झिजतो! आल्यागेल्याला कव्हरं दाखवायची, तीही लांबूनच. कुणी अदलाबदल करू नये म्हणून प्रत्येक लेबलवर हलिमाच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका, आणि ही युक्ती ते सगळ्यांना फुशारकीनं सांगायचे.

कपिल तिथल्याच केमिकल कंपनीत कामाला. त्याच्याकडे रेकॉर्डी मोजक्या, त्यातही निम्म्या ओरखडलेल्या. पण एक होती. तिच्या लेबलवर त्यानं तपकिरी कागद चिकटवला होता. पार्ट्यांत गाणी लावणारे पूर्वी असंच करायचे, चांगल्या गाण्याचं नाव दुसऱ्याला कळू नये म्हणून. ती रेकॉर्ड लागली की हलिमा, जी घरात कधी गुणगुणायचीसुद्धा नाही, ती कपिलच्या बायकोचा, पौर्णिमाचा हात धरून चक्क नाचायची. वर म्हणायची, "काय गाणं हाय गं! आमच्याकडं असं एक नाय."

झालं! कमालभाईंचा तिळपापड. घरात कपाटभर डिस्को, आणि बायको नाचते कुणाच्या गाण्यावर, तर या कपिलच्या! नाव विचारलं की तो हसून चहा पुढे करायचा. "ऱ्हाऊ द्या ना, कमालभाई." मेल्याला माज आलाय, कमालभाई मनात म्हणायचे. एकदा नाव कळू दे, याच्याहून चकाचक रेकॉर्ड आणून याच्या नाकावर टिच्चून लावतो की नाही बघ!

त्या रविवारी नाच संपला, बायका स्वयंपाकघरात गेल्या, कपिल पाव आणायला खाली उतरला. कमालभाईंनी बोट चहात बुडवून कागदाच्या कडेनं फिरवलं आणि नखानं कागद हळूच सोलला. गाण्याचं नाव वाचायच्या आधी त्यांना ठिपका दिसला. लाल.

म्हणजे रेकॉर्ड त्यांचीच! मागल्या वर्षी उंदरानं एक कव्हर कुरतडलं होतं. कव्हर गेलं म्हणजे रेकॉर्ड मातीमोल, असं म्हणून त्यांनी स्वतःच ती भंगारवाल्याच्या टेंपोत टाकली होती. कधी एकदाही न वाजवता.

"भंगारात गावली मला," दारातून कपिल म्हणाला. हातात पावाची पिशवी. "ठिपका लगेच वळखला. तुमाला वाईट वाटंल म्हून कागद लावला."

कमालभाईंना वाटलं, यापेक्षा यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चांगुलपणातही हा पुढेच!

"घेऊन जावा," कपिल म्हणाला. "मूळची तुमचीच हाय."

पोह्यांच्या बशा घेऊन आलेली हलिमा जागच्या जागी थांबली. "आमची? ही आपल्या घरात होती?"

"होती," कमालभाई खाली बघत म्हणाले.

"कधीपासनं?"

"आपल्या लग्नाच्या आधीपासून."

हलिमानं बशा खाली ठेवल्या. "मंग मला कधी ऐकवली का नाय, वो?"