मागुराचे खवले

"यावर कोणी विश्वास ठेवणार नाही," दवाखान्यातल्या खाटेच्या काठावर बसत थापाड्या म्हणाला, "पण आपल्या हौदातला तो मोठा मागूर मासा काल इथवर चालत आला. तुझी चौकशी करायला."

उशीला टेकून बसलेल्या आक्काने भिंतीवरची नजर काढली नाही. खांदा तेवढा किंचित उडाला.

दोघा भावंडांचं मासळीचं दुकान. तो विकायचा, ती साफ करायची आणि गिऱ्हाइकांदेखत त्याच्या थापा उघड्या पाडायची. बाजाराने त्याला थापाड्या नाव ठेवलं ते तिच्यामुळेच. पण दुखणं आलं तशी तिची वाचा बसली आणि जेवणही सुटलं. डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं, अंगात ताकद आल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही, आणि ते लांबवण्यासारखं नाही. मागुराचं सूप द्या. प्रथिनं भरपूर, चरबी बेताची, पचायला हलकं.

थापाड्याने डबा उघडला आणि भरलेला चमचा तिच्या ओठांपाशी धरला.

"पाण्याबाहेरही श्वास घेतो बरं का तो. ओल्या जमिनीवर परांनी रेटा देत सरकतो."

हे खरंच होतं. आक्का गप्प.

"मिशांना चव कळते त्याच्या. कातडीलासुद्धा."

हेही खरं. आक्का गप्प. खऱ्यावर हिने आजवर तोंड उघडलंय कधी, हे थापाड्याच्या उशिरा लक्षात आलं.

"म्हणून मी त्याला खानावळीत नोकरीला लावला," तो तितक्याच गंभीरपणे म्हणाला. "मीठ कमी पडलं की डावी मिशी वर. जास्त झालं की उजवी."

आक्का गर्रकन वळली. तोंड उघडलं. चमचा आत गेला.

सूप गिळेपर्यंत बोलता येईना, आणि गिळून होतंय तोवर मागुराला पगारवाढ मिळाली होती. तोंड पुन्हा उघडलं, चमचा पुन्हा आत. मागूर संपावर गेला, चमचा. मागुराने मालकाच्या मेहुणीला मागणी घातली, या खेपेला तुकड्यासकट चमचा.

शेजारच्या खाटेवरची म्हातारी कोपरावर उठून बसली. "मग? जमलं का?"

"न जमायला काय झालं? सरकारी नसली तरी नोकरी होती."

डबा तळाला आला होता. थापाड्याने तो तिरका करून उरलंसुरलं चमच्यात गोळा केलं.

"लग्नाच्या सकाळी मीच नटवला त्याला. तेलाचा बोळा घेतला आणि एकेक खवला असा चमकवला, असा चमकवला..."

आक्काने त्याचं मनगट पकडलं. चमचा अधांतरी राहिला. तोंडातला घास तिने नीट चावला, गिळला, ओठ पुसले.

"मेल्या," ती कडाडली, आणि दारातली नर्स जागीच थबकली, "जन्म गेला माझा मासे साफ करण्यात. मागुराला खवले असतात कुठे?"