आल्याच्या सोड्यावरचा पहारा

झाकणावरची मार्करची रेघ बाटलीच्या मानेवरच्या रेघेपासून चांगली बोटभर सरकली होती. म्हणजे कुणीतरी झाकण फिरवलं होतं. बॉयलरवाल्याने आठही बाटल्या तपासल्या. आठही रेघा सरकलेल्या.

“माझ्या बाटल्यांना कुणी हात लावला?” त्याने स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

“मला इथे श्वास घ्यायला फुरसत नाही,” बायको म्हणाली, “तुमच्या बाटल्या कुठे कुरवाळत बसू?”

उरला मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, घड्याळं दुरुस्त करणारा. दुकान बंद केल्यापासून मागच्या खोलीत राहायला आलेला. गरीब गाईसारखा चेहरा करून चहा पीत होता. अशा चेहऱ्यांवर बॉयलरवाल्याचा कधीच विश्वास नव्हता.

कारखान्यातला बॉयलर त्याने एकतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळला होता. निवृत्तीनंतर तेवढंच लक्ष तो आल्याच्या सोड्यावर ठेवी. आलं, पाणी, साखर आणि विरजण म्हणून मागच्या खेपेचा थोडा सोडा. झाकण घट्ट लावलं की आत हळूहळू वायू साठतो. सात बाटल्या काचेच्या, आठवी मुद्दाम प्लास्टिकची. काच दाबून काही कळत नाही, पण प्लास्टिक अंगठ्याखाली कडक लागलं की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये. या खेपेला ती पहिल्याच संध्याकाळी दगडासारखी झाली आणि सकाळी पुन्हा मऊ. तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली आणि त्याने रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी तो फिरायला म्हणून निघाला आणि फाटकापासून मागे वळला. चपला हातात घेऊन घरात शिरला. मेहुणा कोठीच्या खोलीत उभा होता. बाटलीला जाड टॉवेल गुंडाळून, तोंड बाजूला करून झाकण केसभर केसभर फिरवत होता.

“सापडलास,” बॉयलरवाला म्हणाला.

“भाऊजी, हळू. ताई ऐकेल.”

“ऐकू दे. भाऊ काय चीज आहे ते तिलाही कळू दे.”

मेहुण्याने झाकण बंद केलं. “रविवारी तुम्ही साखर घातलीत. मग फोन आला. बोलून आलात आणि पुन्हा तेवढीच घातलीत. मी टेबलापाशीच होतो. एवढ्या साखरेने काच फुटली असती, म्हणून रोज थोडी हवा सोडतोय.”

“थापा मारू नकोस. तेव्हाच का नाही बोललास?”

“बोललो असतो तर ऐकलं असतंत?”

बॉयलरवाल्याने टॉवेलसकट बाटली हिसकावली आणि उघडली. इतकी हवा सोडूनही फेस त्याच्या कोपरापर्यंत आला. त्याने घोट घेतला. चौथ्या दिवशी सोडा झणझणीत लागायला हवा होता. हा पाकासारखा गोड होता.

यानेच मागाहून साखर घातली असेल. मला वेड्यात काढायला. हा विचार त्याला फार बरा वाटला. तो त्याने घट्ट धरून ठेवला.

“फोन कुणाचा होता सांग बघू,” त्याने दरडावलं.

“तुमच्या लेकीचा. अर्धा तास बोललात. तिला नोकरी लागली म्हणून किती खूश होतात.”

लेकीला नोकरी लागली होती, आणि त्याला ते आत्ता पहिल्यांदा कळल्यासारखं वाटत होतं. त्याला भीती वाटली, बॉयलरपुढे एकतीस वर्षांत कधी वाटली नव्हती अशी.

“ताईला बोललास?”

“कुणालाच नाही.”

पुढच्या रविवारी त्याने पातेलं ओट्यावर घेतलं, आलं किसलं, पेलाभर साखर मोजली. रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला. तो खिडकीतून डोकावला, परत आला आणि भरलेला पेला हातात धरून तसाच उभा राहिला. हा पेला पहिला की दुसरा, हे पातेल्यातल्या पाण्यात बघून कळत नव्हतं. मेहुणा टेबलापाशी बसला होता.

“घातली का रे मी?”

“नाही अजून, भाऊजी.”

बॉयलरवाल्याने त्याचा चेहरा नीट निरखला. जुनीच सवय. मग साखर पातेल्यात ओतली.