चौदाव्या आवृत्तीची साक्ष

मी बोलतो आहे तो देहावाचून. मला कागद नाही, शाई नाही, घडी नाही. पडद्यावर कोणी हाक मारली की प्रकटावे आणि काम झाले की मावळावे, एवढेच माझे असणे. घर गहाण ठेवून कर्ज मागणाऱ्यांसाठी केलेला मी ऑनलाइन अर्ज. माझ्याआधी तेरा होऊन गेले, म्हणून कचेरीत मला ‘चौदावी आवृत्ती’ म्हणत.

मला घडवले ते एका बाईंनी. कर्जकचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, निवून गेलेल्या चहाच्या कपाशेजारी बसून त्या अर्जांचे रकाने आखत. सहकारी त्यांना ‘रकानेबाई’ म्हणत आणि त्याही ओ देत. अर्ज भरणाऱ्याचे कष्ट वाचावेत, ही त्यांची कळकळ खरी होती. पत्रे कोठे पाठवायची, हे विचारताना त्यांनी ‘गहाण घराचाच पत्ता’ अशी एक चौकट ठेवली आणि तिच्यात बरोबरची खूण आधीच करून टाकली. दहांतले नऊ जण तेच लिहितात, असा त्यांचा अनुभव. मायेपोटी मारलेली गाठही कधी सुटता सुटत नाही, हे मला पुढे कळले.

माझ्यापुढे शेकडो माणसे बसली. उत्पन्नाचा रकाना आला की माणूस घसा खाकरतो. ‘आपल्यावर अवलंबून असणाऱ्या व्यक्ती’ विचारल्या की शेजारी बसलेल्याकडे चोरून पाहतो. ‘सर्व अटी मान्य आहेत’ येथे मात्र कोणाचेच बोट अडखळत नाही.

एका दुपारी एक वृद्ध घड्याळजी आणि त्यांची सून माझ्यापुढे आले. मुलगा दूर खाणीवर नोकरीला होता. घराचे छप्पर बसायला आले होते. ते उतरवून नवे घालायचे, आणि तोवर दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायचे, असे ठरले होते. सून फोनवर अक्षरे टिपत होती. सासरे डोळ्याला भिंग लावून वाचत होते.

“बाबा, पुढे जाऊ का?”

“थांब गं. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं काढतात आणि म्हणतात, नीट वाचा.”

“तुम्ही मुंगीच्या पायाएवढी चाकं बसवताच की रोज.”

“चाकं खोटं बोलत नाहीत.”

मग ती चौकट आली. “इथे खूण आधीच आहे, बाबा. घराचाच पत्ता.”

“आहे ना? मग असू दे. चालत्या चाकाला हात लावायचा नाही.”

चाळीस वर्षे त्यांची कारागिरी याच नियमावर उभी होती. जे बंद पडले, तेवढेच उघडायचे. सुनेने ‘पाठवा’ दाबले.

कर्ज मिळाले. लोकांना वाटते, पैसे देणारा तोच हप्ते घेणारा. तसे असतेच असे नाही. हप्ते गोळा करणे, घराचा विमा चालू आहे ना ते पाहणे, चुकल्यास नोटीस धाडणे, ही सेवा कित्येकदा दुसरीच संस्था करते, आणि ती संस्था मध्येच बदलूही शकते. येथे तसेच झाले. ‘यापुढे हप्ता नव्या ठिकाणी भरावा’ असे पत्र निघाले आणि छप्पर नसलेल्या घरी पोहोचले. पाठोपाठ आणखी दोन आली. गवंड्याने ती सिमेंटच्या पोत्यांमागे जपून ठेवली. घड्याळजी येत तेव्हा बोलणे विटांचे होई आणि पत्रे राहून जात.

हप्ते ठरल्या तारखेला जुन्या संस्थेकडेच जात राहिले. तिने ते उचंत खात्यात टाकले. धनी न कळलेला पैसा तिथे पडून राहतो. नव्या संस्थेच्या लेखी मात्र घड्याळजी कसूरदार ठरले. शेवटी घर ताब्यात घेण्याची नोटीस दारावरच चिकटली, म्हणून तेवढी दिसली. मुदत तीस दिवसांची.

सून आणि घड्याळजी कर्जकचेरीतल्या तक्रारीच्या खिडकीवर गेले, तेव्हा तिथल्या कारकुनाने मला उघडले. “पत्ता तुम्हीच दिलाय, ताई.”

“आम्ही दिला नाही, दादा. तो तिथे होताच,” सून म्हणाली.

“सगळे असंच म्हणतात.”

“मग सगळेच असं का म्हणतात, ते एकदा बघा ना.”

माझ्या पोटात प्रत्येक रकान्याला हात लागल्याची वेळ नोंदलेली असते. कारकुनाने ती यादी काढली. नावापुढे वेळ होती, वयापुढे होती. पत्त्याच्या चौकटीपुढे काहीच नव्हते. त्याने रकानेबाईंना खाली बोलावले.

‘पाहून पुढे गेलात, म्हणजे संमतीच,’ असे त्या म्हणू शकल्या असत्या. नियम त्यांच्याच बाजूचा होता. त्यांनी यादी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, “ही खूण माझी आहे. यांची नाही.”

“नाही बाई,” घड्याळजी म्हणाले, “मी भिंग लावून वाचली होती. हात लावला नाही, ती चूक माझी.”

“काका, तुम्ही गिऱ्हाईक. कारागीर मी आहे.”

“कारागीर मीही आहे. म्हणून तर सांगतोय.”

“बाबा, आता गप्प बसा,” सून दबक्या आवाजात म्हणाली. “तुमच्या खरेपणात घर जाईल.”

दोष दुसऱ्यावर ढकलणारे मी पुष्कळ पाहिले. दोष आपल्याकडे ओढून घेण्यावरून झालेला तंटा तो एकच. ती खूण खरे तर माझ्या अंगावर होती. परंतु ज्याला मीपणच नाही, त्याला दोष चिकटावा कोठे आणि यश तरी कोठे? मी केवळ साक्षी होतो.

रकानेबाईंनी लेखी कबुली दिली. त्यापायी त्यांची त्या वर्षीची बढती गेली. उचंत खात्यातले हप्ते नव्या संस्थेकडे वळते झाले आणि नोटीस मागे घेतली गेली. तसे पत्र या वेळी दुकानाच्या पत्त्यावर गेले. ते सुनेने मोठ्याने वाचले. सासऱ्यांनी भिंग लावून पुन्हा एकदा वाचले, तेव्हा कुठे त्यांना ते खरे वाटले.

त्याच आठवड्यात माझी निवृत्ती झाली. पंधराव्या आवृत्तीत पत्त्याचा रकाना कोरा आहे, आणि “हेही आम्हीच लिहायचं का?” म्हणून लोक कुरकुरतात. मी जुन्या नोंदींच्या तळाशी आहे. कोणी हाक मारत नाही आणि हाकेची ओढही आता उरलेली नाही.

निरोप घेताना एकच मागणे मागतो. तुमच्या वाट्याचे काही कोणी आधीच भरून ठेवलेले दिसले, तर क्षणभर थांबा. ते बरोबर असले तरी एकदा पुसा, आणि मग आपल्या हाताने पुन्हा लिहा.