विष्णुपंतांचं शीतयुद्ध

विष्णुपंत अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून फोरमन म्हणून निवृत्त झाले, त्याला सोळा वर्षं झाली होती. बदलापूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून हुकूम सोडावा असं त्यांच्या हाताखाली कोणीच उरलं नव्हतं. त्यामुळे नात राजसी बारावी आर्ट्सला गेली आणि तिने इतिहास घेतला, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला. क्लासचा विषय निघाला तसं त्यांनी जाहीर केलं, की आधुनिक जगाचा इतिहास शिकवायला घरात माणूस बसलेला असताना पोरीने बाहेर जायची काही गरज नाही. सून मालिनीने मान डोलावली. रोज चार ते साडेपाच टीव्ही बंद राहणार, एवढ्यावरच ती खूश होती.

सुरुवात दणक्यात झाली. युरोपातलं प्रबोधन जुलैत आटोपलं, वसाहतवाद गणपतीच्या आधी हातावेगळा झाला. पहिलं महायुद्ध दसऱ्याला पेटलं आणि दिवाळीच्या फराळापर्यंत विझलंसुद्धा. दुसरं मात्र नोव्हेंबरात सुरू झालं ते संक्रांत आली तरी चालूच. जेवणाच्या टेबलावर रोज युरोप मांडला जाई. बटाटे म्हणजे जर्मन रणगाडे, शेंगदाणे म्हणजे रशियन पायदळ. एकदा मालिनीने आमटीत घालायला मिठाची बरणी उचलली, तर लेनिनग्राडचा वेढा उठला आणि विष्णुपंतांनी त्या दिवशीचा तास तिथेच थांबवला.

राजसी अधूनमधून सांगायची, की यापुढे शीतयुद्ध आहे, निर्वसाहतीकरण आहे, संयुक्त राष्ट्रं आहेत, त्यावरही प्रश्न येतात. विष्णुपंत म्हणायचे, पाया पक्का हवा. आणि पुन्हा एखाद्या तोफेचा पल्ला समजावून सांगायला लागायचे.

खरी गोष्ट अशी होती, की पुढचं त्यांना येतच नव्हतं. त्यांच्या शाळेतलं पुस्तक १९४५ ला संपत होतं. त्यानंतर जगात जे झालं ते त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं, आणि वर्तमानपत्रात वाचलेलं परीक्षेत लिहायचं असतं हे काही त्यांच्या मनाला पटत नव्हतं. दुपारी राजसी झोपली की ते गुपचूप तिचं पुस्तक उघडत. नाटो, सीटो, सेंटो ही लष्करी करारांची नावं वाचून डोकं गरगरायचं. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे या युद्धात अमेरिका आणि रशिया समोरासमोर एकमेकांवर गोळीच झाडत नव्हते. छत्तीस वर्षं तोफगोळे तपासलेल्या माणसाने असलं युद्ध शिकवायचं तरी कसं?

प्रीलिममध्ये राजसीला ऐंशीपैकी एक्केचाळीस पडले. महायुद्धाच्या उत्तरावर पैकीच्या पैकी मार्क होते आणि खाली बाईंचा शेरा होता, की उत्तर गरजेपेक्षा सहा पानं जास्त आहे. शीतयुद्धाचा प्रश्न कोरा होता. मालिनीने पुन्हा क्लासचं नाव काढलं. विष्णुपंतांनी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

त्याच प्रीलिमला कॉलेजात पहिली आली होती किर्ती, राजसीची मैत्रीण, बदलापूरला लागून असलेल्या खरवई गावातली. दुसऱ्या दिवशी सकाळी विष्णुपंत फिरायला जातो म्हणून निघाले आणि कोपऱ्यावर रिक्षात बसून थेट खरवईला उतरले. चौदा मजली टॉवरच्या मागे किर्तीचं कौलारू घर होतं. ओट्यावर तिची आजी गोजरबाई सुपात वाल निवडत बसली होती. विष्णुपंतांनी घसा साफ केला आणि म्हणाले, की किर्तीचा अभ्यास कुठवर आला ते बघायला आलो आहे.

गोजरबाईने सुपातून नजर वर केली नाही. "समाजलं नाय म्हणून आलाव ना? बसा. पोर न्हाऊन येतेय."

किर्ती आली, तिने ऐकून घेतलं आणि जराही न हसता शिकवायला बसली. ती म्हणाली, "अमेरिका आणि रशिया म्हणजे आमच्या वरच्या आळीतले दोघे भाऊ समजा. बोलत नाहीत, पण मारामारीही करत नाहीत. एकाने बोअर मारली की दुसरा त्याच्याहून खोल मारतो. एकाने चार घरं आपल्या बाजूला वळवली की दुसरा पाच वळवतो."

"आणि अलिप्त राष्ट्रं?"

"आमची आजी. दोन्हीकडच्या लग्नात जेवून येते."

गोजरबाईने याला हरकत घेतली नाही. विष्णुपंतांनी वही काढून सगळं लिहून घेतलं. मग रोज सकाळी हेच सुरू झालं. किर्ती त्यांना उत्तरं लिहायला लावायची आणि लाल पेनाने तपासायची. पहिल्या उत्तराला पाचपैकी दोन दिले, शेजारी लिहिलं, 'मुद्दे लिहा, तोफा कमी करा.' ती वही विष्णुपंत घरी कपाटात, स्वेटरच्या खाली ठेवायचे.

सकाळी जे शिकत ते संध्याकाळी राजसीला शिकवत. तीन दिवस झकास गेले. चौथ्या दिवशी बोलण्याच्या भरात ते म्हणून गेले, की एकाने बोअर मारली की दुसरा त्याच्याहून खोल मारतो. राजसीने वहीतून मान वर केली. आजोबांचा आजवर बोअरशी कसलाच संबंध आलेला नव्हता. पण हेच वाक्य तिने कॉलेजच्या कँटीनमध्ये ऐकलं होतं, आणि कोणाच्या तोंडून तेही तिच्या लक्षात होतं.

दुसऱ्या दिवशी विष्णुपंत खरवईला रिक्षातून उतरले, तर ओट्यावर किर्तीशेजारी राजसी बसलेली. परत फिरावं असं त्यांच्या मनात आलं, पण रिक्षा केव्हाच वळली होती. गोजरबाईने सूप बाजूला सरकवून त्यांच्यासाठी जागा केली. ते बसले. सहज या बाजूला आलो होतो, असं काहीतरी पुटपुटले.

थोड्या वेळाने राजसी हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, येत नव्हतं तर सांगायचं ना."

"मग तू क्लासला गेली असतीस," विष्णुपंत म्हणाले.

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच जरा आश्चर्य वाटलं. इतके महिने हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. राजसीने उगाच पेनाचं टोपण लावलं आणि काढलं.

तेवढ्यात किर्तीने मध्येच सांगून टाकलं, की तिला दुसरं महायुद्ध येत नाही. सनावळ्या पाठ होत्या, पण कुठली आघाडी कुठल्यानंतर उघडली याचा मेळ बसत नव्हता, म्हणून तो धडा ती सोडूनच देणार होती. पेपर बारा दिवसांवर आला होता. विष्णुपंतांनी तिच्याकडे पाहिलं, मग सुपाकडे पाहिलं. गोजरबाईने सूप पुढे केलं आणि बजावलं, "लवकर आटपा. माला वाल भिजत घालायचंत."

विष्णुपंतांनी ओट्यावर वाल मांडले. पोलंड पडला, फ्रान्स पडला, लंडनवर बॉम्ब पडले. जर्मनी रशियाच्या बर्फात अडकला, जपानने अमेरिकेला ओढून आणलं, नॉर्मंडीला सैन्य उतरलं. तोफेच्या पल्ल्याचा एक शब्दही निघाला नाही. जपान शरण आला तेव्हा सुरुवात होऊन चाळीस मिनिटं झाली होती. किर्तीने सगळं एकदा उलट म्हणून दाखवलं, एकही चूक नव्हती. गोजरबाई वाल गोळा करून आत गेली.

राजसी घड्याळाकडे बघत होती. "मला शिकवताना अडीच महिने लागले, आजोबा."

"तेव्हा मला पुढचं येत नव्हतं," विष्णुपंत म्हणाले.

राजसी मोठ्याने हसली. मग किर्तीही हसली, आणि विष्णुपंतांना हसू लपवायला चष्मा पुसावा लागला. उरलेले बारा दिवस तिघांनी त्याच ओट्यावर अभ्यास केला. मालिनीला खरं काय ते राजसीने सांगून टाकलं. मालिनीने दुसऱ्या दिवसापासून डब्यात तिघांपुरते पोहे द्यायला सुरुवात केली.

पेपरच्या दिवशी विष्णुपंत सेंटरबाहेर झाडाखाली तीन तास उभे होते. पोरी बाहेर आल्या त्या घामाघूम होऊन, पण चेहरे बरे होते. कोणी काही विचारण्याआधी विष्णुपंतांनी राजसीच्या हातातली प्रश्नपत्रिका घेतली आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. दुसऱ्या महायुद्धावर अख्ख्या पेपरात योग्य पर्याय निवडायचा एका मार्काचा प्रश्न होता. विष्णुपंतांनी तक्रार केली नाही. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि हा पेपर मी घरी सोडवून बघतो म्हणाले. पोरींना भूक लागली होती, त्या मिसळ खायला पुढे निघाल्याही होत्या.

दोन दिवसांनी विष्णुपंतांनी आपली उत्तरपत्रिका तपासायला खरवईला नेऊन दिली. किर्तीने त्यांना ऐंशीपैकी एकोणसाठ दिले.