आखूड चौकट

थोरली आणि धाकटी, सख्ख्या बहिणी, एकाच संस्थेत, एकाच खोलीत दीर्घिकांवर, म्हणजे ताऱ्यांच्या अवाढव्य समूहांवर, संशोधन करायच्या. धाकटीला या विषयात बोट धरून आणलं ते थोरलीनंच, आणि तिचं कौतुक सांगताना थोरलीचं तोंड कधी दुखलं नाही.

प्रत्येक दीर्घिकेभोवती डार्क मॅटरचं न दिसणारं अवाढव्य कवच असतं, त्याला हेलो म्हणतात. मोठ्या हेलोत दीर्घिका मोठी, इथवर कुणाचं भांडण नाही. पण सारख्याच हेलोंत एक दीर्घिका ऐसपैस आणि दुसरी आटोपशीर, असं का? थोरलीचं म्हणणं, हेलोच्या गिरकीमुळे. गिरकी जोरात, तर दीर्घिका पसरणार. या एका म्हणण्यापायी तिनं जिवाचं रान केलं होतं.

अशा कामात माणूस स्वतःलाच फसवतो. म्हणून तिथे शिस्त होती: संगणकात घडवलेल्या विश्वातल्या दीर्घिकांचे खरे आकार कुलूपबंद ठेवायचे आणि मुद्दाम बिघडवलेल्या आकड्यांवर थोरलीनं पद्धत बसवायची. ती पक्की झाली की सगळ्यांसमोर कुलूप उघडायचं. किल्ली धाकटीकडे, पण तिनंही डोकवायचं नाही. धाकटी रोज शेजारी बसून सल्ले द्यायची, ते वेगळंच.

मध्येच थोरलीला दूरच्या विद्यापीठातून कायमच्या नोकरीचं बोलावणं आलं. निकाल लागेपर्यंत थांब, मग तू म्हणशील तिथे नोकरी मिळेल, असं धाकटीनं गळी उतरवलं. ताई थांबली. मग त्याच जागेसाठी धाकटीनं अर्ज केला आणि ती जागा पटकावली; रुजू व्हायला अजून अवकाश होता. थोरलीला लागलं होतं, नाही कशाला म्हणा, पण घरातच गेली ना नोकरी, म्हणून तिनं मन मोठं केलं.

कुलूप उघडायच्या दिवशी मार्गदर्शक सर येऊन बसले. धाकटीनं आधीच आखलेला रिकामा आलेख भिंतीवर लावला आणि कळ दाबली. ठिपक्यांची सपाट आडवी पट्टी उमटली. गिरकी कितीही वाढो, आकार ढिम्म हलेना. चुकले तर चुकले, थोरलीनं मनाला समजावलं, निकाल तरी खरा आहे.

मग तिची नजर चौकटीवर गेली. आकार दाखवणारी उभी बाजू आखूड, तरी एकही ठिपका बाहेर नाही. खरे आकार ठाऊक नसले की चौकट ऐसपैस ठेवतात, ठिपके कुठे पडतील देव जाणे. ही तर माप घेऊन शिवल्यासारखी होती.

"कधी बघितलंस?" तिनं विचारलं.

धाकटी आलेख बंद करायला सरसावली.

"मला थांब म्हणालीस, त्याच्या आधी?"

"तू चुकतेयस हे तुला सांगवेना, ताई."

"अर्ज बरा करवला."

थोरलीच्या अंगाची लाही झाली. आता ती गप्प बसली असती तर लोकांच्या लेखी प्रामाणिक हार तरी पदरात पडली असती. ती सरांकडे वळली. चाचणी फुटली आहे, म्हणाली, आकडे बघून दिलेले सल्ले माझ्या पद्धतीत शिरलेत, हा निकाल धरू नका.

"यात तुझीही सगळी वर्षं जातील," धाकटी कुजबुजली. "ताई, ऐक ना."

"तुझं ऐकूनच गेली," थोरली म्हणाली, आणि तिनं किल्लीसाठी हात पुढे केला.