हातभर खड्डा

मी कुदळ. लोखंडाला भय नसतं असं तुम्हाला वाटत असेल, तर मला हसू येतं. एकोणऐंशी सालच्या माघात मला पोत्यात गुंडाळून भिवापूरहून नागपूरच्या एसटीत घातलं होतं, तेव्हा सबंध वाटभर माझा दांडा थरथरत होता. गाडीच्या धक्क्यांनी, असं म्हणा हवं तर. पण मला मांडीशी धरून बसलेल्या भीमाबाई दर थांब्याला पोत्याची गाठ चाचपत होत्या, आणि ते धक्क्यांनी नव्हतं.

कंडक्टरनं विचारलं, पोत्यात काय आहे. बाई म्हणाल्या, पोराच्या घरी काम आहे. खोटं नव्हतं ते. त्यांचे मालक धोंडबा पोराच्या घरी अंथरुणाला खिळले होते. दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलं होतं. आणि पोरानं, ताराचंदनं, पत्रात लिहिलं होतं की बाबा म्हणतात, मला माती देऊ नका, अग्नी द्या. पत्र वाचून घेतल्यावर बाईंनी मिरच्या तोडणं तसंच टाकलं आणि कोपऱ्यातून मला उचललं. शहरात माणूस गेलं की विचारायच्या आत जाळून मोकळे होतात, अशी त्यांची समजूत होती. आपण खड्डा खणायच्या तयारीनंच गेलेलं बरं, असा त्यांचा हिशेब.

माझं मूळ सांगते. गावच्या लोहारानं मला धोंडबांसाठी घडवलं. दांडा बाभळीचा, त्यांनी स्वतः तासलेला. बांध घाल, नाली काढ, खोडं उपट, सगळी कामं मी केली. आणखी एक काम होतं. वस्तीत कोणी गेलं की नाल्याकाठी खड्डा खणायचा. तेव्हा आमच्या वस्तीत मातीच देत. इतरांचे हात लटपटत, म्हणून हे काम धोंडबांकडे येई. छप्पन साली ते नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आले. घरातले देव गेले, भिंतीवर बुद्धांची तसबीर लागली. नाल्याकाठची रीत मात्र आणखी बरीच वर्षं चालली. तसबीर बदलायला एक खिळा पुरतो, सवयीला वेळ लागतो.

चौसष्ट साली त्यांची सुभद्रा तापानं गेली. सहा वर्षांची होती. तो खड्डा खणताना धोंडबा मधेच थांबले आणि माझ्या दांड्यावर कपाळ टेकून उभे राहिले. मला तेव्हा प्रथमच वाटलं, लोहारानं माझा विळा केला असता तर बरं झालं असतं. भीमाबाईंनी मातीवर एक वाटोळा काळा दगड ठेवला. दर बाजाराच्या दिवशी परतताना त्या तिथं बसत, मूठभर फुटाणे ठेवत आणि लेकीला गावातल्या बातम्या सांगत.

आता ते गुपित, ज्याचं ओझं मी वर्षानुवर्षं वाहिलं. अडुसष्टच्या श्रावणात नाल्याला पूर आला. भीमाबाई तेव्हा माहेरी होत्या. सकाळी पाणी उतरल्यावर धोंडबा मला घेऊन काठावर गेले, तर काठच राहिला नव्हता. किती जणांच्या जागा उघड्या पडल्या होत्या ते सांगत नाही. दुपारपर्यंत आम्ही सगळ्यांवर पुन्हा माती ओढली. सुभद्रा मात्र खचलेल्या दरडीत सापडली. हाडांशी एक निळी काचेची बांगडी होती, त्यावरून त्यांनी ओळखली. नवा खड्डा खणावा तर त्यात पाणी भरे. शेवटी ते घरून कापसाची कोरडी पऱ्हाटी आणि बाभळीची लाकडं घेऊन आले आणि उंचवट्यावर लेकीला अग्नी दिला. निवल्यावर पळसाच्या बुडाशी माझ्याकडून हातभर खड्डा काढून घेतला. राख ठेवली, वर बांगडी ठेवली, माती सारली आणि तोच काळा दगड मांडला. बाई आल्यावर त्यांनी सांगितलं की पाणी पोरीपर्यंत आलं नाही, काठ खचला म्हणून दगड तेवढा जवळच्या झाडाशी आणलाय, पोरगी मातीत आहे तिथंच आहे. बाईंनी विश्वास ठेवला. मी कोपऱ्यात उभी राहून ऐकलं. मला तोंड कुठं होतं?

तर अशी मी नागपुरात, हिंगण्याच्या वाटेवरच्या ताराचंदच्या खोलीत पोचले आणि धोंडबांच्या खाटेखाली पडले. बाईंच्या जिवाला घोर लागला होता. शेजारच्या खोलीत महादेवराव राहत. ते दहनघाटावरच्या लाकडाच्या टालीत, म्हणजे वखारीत, कामाला होते. बाई दिवसातून चारदा त्यांना गाठत. अग्नीत जिवाला चटका बसतो का? महादेवराव म्हणत, गेल्यावर कसला चटका, भीमाबाई. किती वेळ लागतो? तीन-चार तास. दुसऱ्याच्या राखेत आपल्या माणसाची राख मिसळली तर? मिसळत नाही, प्रत्येकाचा ओटा वेगळा, तिसऱ्या दिवशी आपणच सावडायची. गावी नेऊ देतात? देतात, मडकंभरसुद्धा होत नाही. ते कंटाळत नसत. बाईंचं मात्र प्रत्येक उत्तरानं समाधान होई आणि चहाचा कप विसळेपर्यंत ते उडून जाई. खरा प्रश्न त्यांनी महादेवरावांना कधी विचारलाच नाही.

तो त्यांनी एका दुपारी धोंडबांना विचारला. ताराचंद कंपनीच्या बसनं पाळीवर गेला होता.

"तुमी जळून जासान," त्या म्हणाल्या. "मंग म्या कोणापाशी बसू? सुभीपाशी तिचा दगड तरी हाय. मले वाटे आपण तिघं एका जागी राहू."

धोंडबांना दम लागला होता. एकेक शब्द थांबून थांबून त्यांनी सगळं सांगितलं. पूर, दरड, बांगडी, पळस.

"तू अकरा वर्षं राखेपाशीच बसून राहिली वं," ते म्हणाले. "काही कमी वाटलं का तुले? मातीत ठेवलेलं पाणी घेऊन जाते. म्या पाह्यलं हाय. म्हणून मले अग्नी पाह्यजे."

बाई रडल्या नाहीत. त्या उठून बाहेर गेल्या आणि नळाखाली धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला बसल्या. चार दिवसांनी धोंडबा गेले. ताराचंदनं आईकडे पाहिलं, तेव्हा त्या एवढंच बोलल्या, "त्यायनं सांगतलं तसंच कर."

पण मला ठाऊक होतं, त्यांच्या मनातून किंतु गेला नव्हता. राखेचं मडकं आणि मला घेऊन त्या एसटीत बसल्या, तेव्हा ताराचंदला हळूच म्हणाल्या, "जाता वक्ती माणूस समजूतही घालते रे. पोरगी पाण्यातच गेली असंन, तं?"

पळसाखाली खड्डा काढायला ताराचंदनं मला धरलं. बाईंनी माझा दांडा त्याच्या हातून घेतला. साठीला टेकलेली बाई, पण घाव नेमका घालत होती. काळा दगड बाजूला सारलेला होता. अकरा पावसाळ्यांत माती सरकली असेल तर? मी जोरात पडले आणि बांगडीचाच चुरा केला तर? जागा हुकली, तर ही म्हातारी उरलेलं आयुष्य नवऱ्याला खोटं समजत काढणार. माझ्यापाशी साक्षीला शब्द नव्हता. होतं ते एक पातं.

पाचव्या की सहाव्या घावाला पात्याखाली बारीक आवाज झाला. बाईंनी मला टाकून दिलं आणि हातांनी माती उकरली. बांगडीला माझ्या धारेनं तडा गेला होता, पण निळा रंग तसाच होता. भीमाबाई तिथंच बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. मग पदरानं काच पुसून त्यांनी ती होती तिथं ठेवली आणि शेजारी धोंडबांना ठेवलं.

त्याला सात वर्षं झाली. आता मी गावच्या घरात दाराआड उभी असते. पातं गंजलंय, दांडा सैल झालाय. ताराचंदनं बाजारातून नवं फावडं आणलं आणि मला भंगारात द्यायचा विषय दोनदा काढला. भीमाबाईंनी दोन्ही वेळा त्याला गप्प केलं. त्यांनी आपलं सांगून ठेवलं आहे. मला अग्नी द्या, आणि मग पळसाखाली याच कुदळीनं हातभर खड्डा काढा. हल्ली त्या कोणाला काही विचारत नाहीत. काळजी करायला आता मी एकटीच उरले आहे.

बाई खोकल्या तरी माझा जीव खालीवर होतो. तो दिवस लांब राहो. पण यायचाच असेल, तर तोवर मला मोडीत घालू नका, एवढंच मागणं. आणि ताराचंद, बाबा, त्या दिवशी मला जरा हळू धर. खाली काच आहे.