खाटेवरच्या सिस्टर

वॉर्डात कुणीही "सिस्टर!" अशी हाक मारली की सगळ्यांत आधी ओ यायची ती खिडकीजवळच्या खाटेवरून. "काय झालं? सलाइन संपलं? मग ओरडता काय, आधी ते छोटं चाक फिरवून बंद करा!" हाक मारणारी बाई गोंधळून बघत राहायची. कारण हुकूम सोडणारीच्या अंगात तिच्यासारखाच दवाखान्याचा ढगळ गाऊन होता, आणि मोडलेल्या मांडीच्या हाडात नुकतीच बसवलेली सळई होती.

या थोरल्या सिस्टर. उभी हयात त्यांनी हाच वॉर्ड चालवला होता. निवृत्त झाल्या, घरी गेल्या, आणि एके दिवशी बाथरूमच्या ओल्या फरशीवर पाय घसरून थेट आपल्याच वॉर्डात परत आल्या. आल्या त्या आडव्या. स्ट्रेचरवरून येता येताही त्यांनी दाराशी साचलेल्या धुळीवरून मावशीला झापलं. मावशी म्हणजे वॉर्डाची झाडलोट करणारी, पेशंटला भांडं देणारी बाई. दोघींचं वय सारखंच, आणि दोघींचं भांडणही तेवढंच जुनं. मावशीला इतका आनंद झाला की तिने खरंच झाडू हातात घेतला.

ऑपरेशन झकास झालं. बाईंना सांभाळायला आता वॉर्डाची इन्चार्ज होती ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली. शिकाऊ असताना ती ट्रे घेऊन अशी धावायची की अर्धं सामान जमिनीवर. तेव्हा थोरल्यांनी तिचं नाव घाईताई ठेवलं, ते तिला आजतागायत चिकटलेलं. डॉक्टरसुद्धा घाईताईच म्हणत. तिची मुलं कॉलेजात गेली तरी.

आता वॉर्डाची एक रीत सांगायला हवी. ड्युटी बदलताना जाणाऱ्या नर्स आणि येणाऱ्या नर्स मिळून खाटेखाटेपाशी उभ्या राहत. या बाईचं काय झालं, काय दुखतंय, पाठ बघितली का, उठवून चालवलं का, सगळं पेशंटच्या समोर मोठ्याने सांगत. लपवालपवीला जागाच नाही. पण खिडकीजवळच्या खाटेशी आलं की सगळ्या पोरी शाळेत तपासनीस साहेब आल्यासारख्या ताठ व्हायच्या.

"गुड मॉर्निंग, सिस्टर. कशा आहात?"

"ठणठणीत. पुढे चला, पलीकडच्या बाईची पट्टी सुटलीय."

की चालल्या पुढे. थोरल्या सिस्टरांना कुशीवर वळवून पाठ बघायची, पांघरूण काढून टाचा बघायच्या, ही हिंमत कुणाच्या अंगात होती? त्यांना विचारायचं तरी काय? त्यांना माहीत नाही असं काही असतं का? सगळ्यांनी मिळून इतका आदर केला, इतका आदर केला, की बाईंकडे कुणी बघितलंच नाही. आदर करणं सोपं असतं हो. त्यात कुणाला खाली वाकावं लागत नाही.

आणि थोरल्या खोटं बोलत होत्या.

चक्क, रोज, दोन्ही वेळा. हाडाचं ऑपरेशन झालेल्या माणसाने लवकर उठून चालायला हवं, नाहीतर पाय आखडतो, छातीत कफ साठतो, माणूस खाटेचा होऊन बसतो. हे त्यांनी शेकडो बायकांना दटावून सांगितलेलं. पण सकाळच्या नर्सने विचारलं की त्या म्हणायच्या, "काल संध्याकाळी चालले की. आता पुन्हा संध्याकाळी." संध्याकाळच्या नर्सला सांगायच्या, "सकाळीच झालं." व्यायाम शिकवणारा मुलगा वॉकर घेऊन आला की, "अरे, आत्ताच फेरी मारून आले, दुसऱ्या बाईला बघ." तो सुटल्यासारखा निघून जाई. सकाळ संध्याकाळवर भिस्त ठेवून, संध्याकाळ सकाळवर. मधल्या मध्ये बाई जागच्या हलल्या नव्हत्या. खरं ठाऊक होतं ते फक्त मावशीला, कारण भांडं तीच द्यायची.

"मावशी, कुणाजवळ बोललीस तर याद राख."

"मी कशाला बोलते? पण सिस्टर, हे बरं नव्हे."

"तू डॉक्टर आहेस?"

मावशीने तोंडाला कुलूप घातलं, पण कपाळावरच्या आठ्यांना कुलूप घालता येत नाही.

झालं होतं असं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्या व्यायामवाल्या मुलाने त्यांना उभं केलं तेव्हा गुडघा एकाएकी वाकला. जमीन वर आली. मुलाने वेळेवर धरलं, "असं होतं पहिल्यांदा" म्हणाला आणि विसरून गेला. बाई विसरल्या नाहीत. आयुष्यात त्यांना एवढी भीती कधी वाटली नव्हती. त्या रक्ताला भ्यायल्या नाहीत, मेलेल्या माणसाला भ्यायल्या नाहीत, मोठ्या डॉक्टरांना तर मुळीच नाही. "काही होत नाही, उठा" हे वाक्य त्यांनी किती बायकांना ऐकवलं असेल! आता तेच वाक्य त्या स्वतःला म्हणून बघत, आणि ते किती पोकळ आहे हे त्यांना कळत होतं. सांगणार कुणाला? घाबरलेल्यांनी थोरल्या सिस्टरांकडे यायचं असतं. थोरल्या सिस्टरांनी कुठे जायचं, याची सोय कुणी केली नव्हती.

त्यातून भाऊ. भाऊ रोज यायचा, सोलून आणलेली फळं समोर ठेवायचा आणि म्हणायचा, "ताई, आता आमच्याकडेच राहायचं. मागची खोली रिकामी केलीय. तुझ्या वहिनीने पडदेसुद्धा लावले." भाऊ वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. तो साधा आणि प्रेमळ होता, म्हणून जास्तच पंचाईत. थोरल्यांना ती मागची खोली डोळ्यांसमोर दिसायची. चहा सगळ्यांत आधी मिळेल आणि कशात काही विचारलं जाणार नाही. मुलं दारातून डोकावून "आत्या, बरी आहेस ना?" विचारतील आणि उत्तर ऐकायला थांबणार नाहीत. त्यांचं स्वतःचं घर होतं, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, स्वतःच्या कमाईचं. दाराची किल्ली त्या उशीखाली घेऊन झोपत. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, जिना चढता आला तर आपल्या घरी, नाही तर भावाकडे.

राउंडला डॉक्टर आले. "काय सिस्टर, चालणं कसं चाललंय?"

"वॉर्डाच्या टोकापर्यंत. दोन्ही वेळा."

डॉक्टरांनी नर्सकडे पाहिलं. नर्सने मान डोलावली, संध्याकाळवालीच्या भरवशावर. डॉक्टर खूश. "मग उद्या सकाळी सुट्टी! आणि जायचं कुठे, तर स्वतःच्या घरी." आजूबाजूच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. थोरल्याही हसल्या. हसता हसता त्यांनी पांघरुणाखाली गादी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

डॉक्टर गेल्यावर मावशी फडक्याने एकच खुर्ची पुसत उभी राहिली. "आता उद्या जिन्यावर काय, मी पाठुंगळी घेऊ तुम्हाला?"

"बघू उद्याचं उद्या."

"पडाल. आणि यावेळी कुणी बघायलासुद्धा नसेल."

"मावशी, काम नाही का तुला?"

मावशी गेली. थोरल्या छताकडे बघत राहिल्या. डाव्या टाचेत मघापासून आग होत होती. गेले काही दिवस होतच होती. ती कशाची हे त्यांना नेमकं माहीत होतं. पाय एकाच जागी गादीवर टेकून राहिला की टाचेचं काय होतं, हे ज्यांना झोपेतही सांगता येईल, अशा त्या. "माझ्या वॉर्डात पडून पडून जखम झालेला एक तरी पेशंट दाखवा," असं ज्या छाती ठोकून सांगायच्या, त्याही त्याच. त्यांनी टाच बघितली नाही. बघितली की खरी होते.

सकाळी भाऊ गाडी घेऊन आला आणि खाली कागदपत्रांच्या रांगेत उभा राहिला. घाईताई त्याने आणलेले नवे मऊ बूट घेऊन खाटेशी आली. मावशी गाठोडं बांधत होती.

"चला सिस्टर, मोजे घालू आणि निघू."

"दे इकडे. मी घालते."

"वाकता येणार आहे का तुम्हाला?" घाईताई हसत म्हणाली आणि नेहमीच्या घाईने पांघरूण बाजूला सारून पाय हातात घेतला.

तिचं हसू तिथेच थांबलं. टाचेवर मोठा फोड आला होता, कडेने लाल आणि मध्ये काळपट. पोटरी शिळ्या भाकरीसारखी ताठ झालेली. तिने पाय हळूच खाली ठेवला. घाईताईने कुठलीही गोष्ट हळूच केलेली मावशीने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"सिस्टर, या पायाने तुम्ही वॉर्डाच्या टोकापर्यंत चालत होतात?"

थोरल्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"नाही चालल्या!" मावशीच्या हातून गाठोडंच सुटलं. "एक दिवस नाही चालल्या. मी शपथ घातल्यागत गप्प बसले. घाला मला काय शिव्या घालायच्या त्या!"

घाईताईने शिव्या घातल्या नाहीत. ती तडक निघून गेली. थोरल्यांना वाटलं, डॉक्टरांना आणायला गेली. आता सगळ्या वॉर्डात बोभाटा होणार. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. पण ती परत आली ती दोन्ही पाळ्यांच्या नर्सना घेऊन. ड्युटी बदलायची वेळ झालीच होती. सगळ्या खाटेभोवती उभ्या राहिल्या आणि आज घाईताईने "कशा आहात" विचारलं नाही.

"मांडीच्या हाडाचं ऑपरेशन. टाके चांगले आहेत. पाठ आपल्यापैकी कुणी बघितलेली नाही, आता बघायची आहे. डाव्या टाचेला पडून राहिल्याची जखम आहे, ती आपल्या डोळ्यांदेखत झाली." तिने थोरल्यांकडे पाहिलं. "ऑपरेशननंतर चालणं झालेलं नाही. घरी एकट्या राहतात, दुसरा मजला. उठत का नाहीत, ते माहीत नाही. आपण कुणी विचारलंच नाही."

एक पोर रडायला लागली. दुसरी जमिनीकडे बघत होती.

थोरल्या ऐकत होत्या. इतक्या वर्षांत हजारदा त्यांनी हे असं सांगितलं होतं, पण खाटेवरून कधी ऐकलं नव्हतं. खाटेवरून ते फार वेगळं ऐकू येत होतं. आपल्याबद्दल कुणीतरी खरं बोलतंय, आणि बोलताना आपल्याकडेच बघतंय. त्यांना राग यायला हवा होता. आला नाही. उलट किती तरी दिवसांनी नीट श्वास घेतल्यासारखं वाटलं.

"पुढे लिहून घ्या," त्या राउंडच्या आवाजात म्हणाल्या. पोरींनी दचकून माना वर केल्या. "पेशंटला पहिल्यांदा उभं केलं तेव्हा गुडघा वाकला. पडता पडता वाचली. तेव्हापासून पेशंट घाबरलेली आहे. विचारलं की खोटं सांगते. तिला 'काही होत नाही' म्हणू नका. तिचा त्यावर विश्वास नाही." पुढचं त्या आवाजात येईना. "तिला पेशंट व्हायला येत नाही गं. कधी शिकलीच नाही. भीती वाटते मला. उभं राहायची भीती वाटते, आणि कुणाला सांगायचीही वाटते."

घाईताई खाटेच्या कडेवर बसली. इन्चार्जने पेशंटच्या खाटेवर बसायचं नसतं. ती बसली आणि तिने थोरल्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

तेवढ्यात भाऊ वर आला. "झालं का ताई? गाडी दारात आहे." सगळ्यांचे चेहरे बघून तो बावरला.

"आज जात नाही रे," थोरल्या म्हणाल्या. "मला चालता येत नाही. येतं म्हणून सगळ्यांना थापा मारल्या. तुलाही."

"ताई, तू? थापा?" भावाला यातल्या कशावर विश्वास ठेवावा तेच कळेना. "मग आमच्याकडे चल ना. मागची खोली आहेच."

थोरल्यांनी उशीखाली हात घालून किल्ली चाचपली. मग म्हणाल्या, "राहू दे ती रिकामी. जिना नाही जमला तर येईन. पण तिथे आले की मला सकाळी भाजी निवडायला द्यायची, आणि घरात काही ठरवायचं असलं की मलाही विचारायचं. नुसता चहा प्यायला येणार नाही मी."

"भाजीच काय, माझा उलट बोलणारा मुलगाही तुझ्याकडे देतो," भाऊ म्हणाला आणि रुमालाने डोळे पुसायला लागला.

टाचेला पट्टी झाली, खाली उशी गेली. पाठ बघितली, ती ठीक होती. आणि त्याच दुपारी, टाचेखाली कापसाची गादी बांधून, घाईताईने थोरल्यांना खाटेच्या कडेला बसवलं. कमरेला रुंद पट्टा बांधला, समोर वॉकर ठेवला आणि मागून पट्टा पकडला. मावशी समोर दोन्ही हात पसरून उभी, लहान मूल चालायला लागतं तेव्हा आई उभी राहते तशी. समोरच्या खाटेवरच्या बाईने खाणं थांबवलं.

"तयार झालात की सांगा. मला घाई नाही," घाईताई म्हणाली.

"आयुष्यात पहिल्यांदा," मावशी पुटपुटली.

थोरल्या हसल्या, आणि त्या हसण्यातच उठल्या. उभ्या राहिल्या. एक पाऊल टाकलं. दुसऱ्याला गुडघा पुन्हा वाकला, अगदी तसाच, आणि जमीन वर यायला लागली. पण पट्टा ताणला गेला, मागून एक अख्खं माणूस त्यांना टेकलं, आणि जमीन जिथल्या तिथे राहिली.

त्यांनी वॉकर सोडला नाही, पण सगळा भार मागे टाकला. जन्मात कुणावर टाकला नव्हता तेवढा. घाईताईच्या खांद्याला डोकं लागलं, तसं त्यांनी ते तिथेच राहू दिलं. सगळा वॉर्ड बघत होता. बघू दे.

"सोडू नकोस," त्या म्हणाल्या.

"नाही सोडत."

"मी सांगितलं तरी सोडू नकोस. मी खोटं सांगते."

"माहीत आहे मला," घाईताई म्हणाली आणि पट्टा आणखी घट्ट धरला. थोरल्यांनी डोळे पुसले नाहीत, हात रिकामे नव्हते. त्यांनी तसंच पुढचं पाऊल टाकलं.